आईला भेटायला कोणतं कलम लावू?

अंबाजोगाईत प्रांत ऑफिसपासून जवळच माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, त्यामुळं आमच्या भागातली निम्मी भांडणं आधी माझ्या कीबोर्डवरून जातात आणि मग साहेबांच्या टेबलावर. बांधाची, वहिवाटीच्या रस्त्याची, फेरफारची, पीक विम्याची. ह्यात गेल्या काही वर्षांत एक नवाच अर्ज यायलाय. विषय, आईस भेटू देत नसल्याबाबत. कधी वडिलांस. अर्जदार स्टुलावर टेकतो, पिशवीतून आधार कार्ड काढतो आणि पहिला प्रश्न हाच, भाऊ ह्याला कलम कोणतं लावायचं?

कलम नाही हो. म्हणजे थेट असं नाही. नवरा-बायको वेगळे झाले तर लेकराला कोणत्या रविवारी कोण भेटणार, किती वाजेपर्यंत, कुठं, हे कोर्ट लिहून देतं, त्याच्यासाठी १८९० पासूनचा गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट आहे. पण आई ऐंशीची, नाकात नळी, एक लेकरू म्हणतंय भेटायचं नाही आणि दुसरं म्हणतंय भेटणारच, ह्या भांडणाला आपल्या कायद्यात स्वतंत्र कप्पाच नाही. कायद्याच्या हिशोबानं आई सज्ञान आहे, कुणाला भेटायचं ते तिनं ठरवावं. आता ती बोलतच नसंल तर?

हे मी परक्यांचे अर्ज टाइप करून शिकलो असतो तर एवढं लांबलचक लिहीत बसलो नसतो. आमच्याच घरात झालं. माझी मोठी मावशी, तिला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा म्हणजे आमचा दादा संभाजीनगरला, वाळूजच्या कंपनीत, आणि मुलगी म्हणजे आक्का इथंच अंबाजोगाईजवळच्या खेड्यात दिलेली. मावशीला पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा दादा तिला गावाकडून घेऊन गेला, दीड-दोन वर्षं घरीच सांभाळलं, वहिनीनं सगळं केलं, हगणं-मुतणं सुद्धा, हे आधीच सांगतो कारण पुढचं वाचून दादाबद्दल तुमचं मत लगेच वाईट होईल. मग मावशीचं डोकं भरकटायला लागलं, रात्री ओरडायची, नळ सोडून ठेवायची, डॉक्टर म्हणाले डिमेन्शिया. शेवटी तिला शहरातल्याच एका केअर सेंटरला ठेवलं. महिन्याला पंचवीस हजाराच्या आसपास, डायपर आणि औषधं वेगळी. कंपनीतल्या माणसाला हे सोपं नाही.

आक्का पहिल्यांदा भेटायला गेली ती बीडमार्गे लालपरीनं, आता बायांना हाफ तिकीट आहे म्हणून तेवढं तरी जमतं. पाच तास तरी लागतात. सोबत धपाटे, डोक्याला लावायचं तेल, योगेश्वरीचं कुंकू. गेटवर वॉचमननं रजिस्टर उघडलं, फोन लावला, आणि म्हणला, तुमचं नाव नाही ताई लिस्टमध्ये. आक्का म्हणली, "आरं मी लेक हाय तिची." तो म्हणला मला तेच सांगितलंय, मुलाशिवाय कुणाला सोडायचं नाही. तेलाची बाटली आत गेली, आक्का नाही गेली.

ती तिथूनच मला फोन करून रडायली. आणि रडता रडता एक वाक्य बोलली ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. "हर्सूलच्या जेलात बी मुलाकात असती रे, माझ्या मायनं काय खून केलाय का?"

आक्का सातवी शिकलेली आहे, पण हे जे ती बोलली ते सुप्रीम कोर्टानं १९८१ साली फ्रान्सिस कोराली मुलीनच्या केसमध्ये म्हणून ठेवलेलं आहे. कैदेत ठेवलेल्या माणसाला घरच्यांना भेटता आलं पाहिजे, घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच ते येतं, असं. नुसतं श्वास चालू असणं म्हणजे जगणं नव्हे. पण तो निकाल सरकारनं डांबलेल्या माणसाबद्दलचा. खाजगी सेंटरच्या गेटवर वॉचमनला तो दाखवून उपयोग नाही.

आता दादाची बाजू. दादाला मी फोन केला तर तो आधी दहा मिनिटं वहिनीनं काय काय केलं तेच सांगत होता, आणि मग मूळ मुद्द्यावर आला. "ती भेटायला नाही यायली, अंगठा घ्यायला यायली."

झालं. आमच्या मराठवाड्यात म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी जेवढी भांडणं होतात त्यातली बरीच ह्या अंगठ्याची असतात, भेटीगाठी हे वरचं कव्हर. धारूरकडं त्यांची सात एकर कोरडवाहू आहे. मावसा वारले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं, सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली, मावशी, दादा, आक्का. तिघांना सारखा हिस्सा. दादानं रीतीप्रमाणं आक्काला हक्कसोड पत्रावर सही कर म्हणलं. आपल्याकडं रीत म्हणजे काय तर बहिणीनं रजिस्ट्री ऑफिसात जाऊन सही करायची, भावानं साडी-चोळी करायची, आणि पंचमीला माहेर चालू ठेवायचं. आक्का म्हणली नाही करत. २००५ ला कायदा बदलला, मुलीला वडिलोपार्जितमध्ये मुलासारखाच जन्मापासून हक्क, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या विनीता शर्मा निकालानं तर त्यात शंकाच ठेवली नाही, की बाप २००५ च्या आधी गेलेला असला तरी मुलीचा हक्क जात नाही. (मावसांची जमीन स्वतः घेतलेली होती, तिथं तर बायको आणि पोरं सारखे वाटेकरी हे १९५६ पासूनच आहे, पण गावात एवढं बारीक कोण बघतंय, मुलीला हक्क हे २००५ पासूनच आलं असं सगळे धरून चालतात.) तर आक्कानं सही नाही केली आणि त्या दिवसापासून बहीण-भावाचं बोलणं बंद. दाजींनी तिला फूस दिली असं दादाचं म्हणणं, वहिनीनं दादाला फूस दिली असं आक्काचं म्हणणं. नेहमीचंच.

मग राहिला मावशीचा तिसरा हिस्सा. दादाला भीती की आक्का आत जाऊन एखाद्या कागदावर मायचा अंगठा घेईल. आक्काला भीती की दादानं तो आधीच घेतलेला आहे आणि म्हणून तो कुणाला आत सोडत नाही. दोघंही मला वेगवेगळं विचारायचे, मृत्युपत्र असं करता येतं का रे.

मी दोघांना एकच सांगितलं. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि करणारा शुद्धीत लागतो, काय करतोय ते कळायला लागतं. डिमेन्शियाची फाईल सेंटरमध्ये पडलेली असताना बेशुद्धीत घेतलेला अंगठा कोर्टात पहिल्या उलटतपासणीत फाटतो. बक्षीसपत्र करायचं म्हणलं तर ते रजिस्टर झाल्याशिवाय चालत नाही, आणि आजारी माणसासाठी दुय्यम निबंधक घरी किंवा दवाखान्यात येऊ शकतात, तशी सोय आहे, पण ते येऊन माणसाला विचारतात, नाव काय, काय देताय, कुणाला देताय. मावशी स्वतःचं नाव विचारलं की तिच्या आईचं नाव सांगायची. म्हणजे ज्या अंगठ्यासाठी एक जण गेट लावून बसला होता आणि दुसरी गेटवर रडत होती त्या अंगठ्याला बाजारात किंमत राहिलेलीच नव्हती. हे दोघांनाही पटलं, आणि दोघांनीही ऐकलं नाही.

दरम्यान आक्काला कुणीतरी सांगितलं की प्रांताकडं जा, ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. आहे ना. २००७ चा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम असं लांब नाव आहे त्याचं, मी ते इतक्या वेळा टाइप केलंय की बोटं आपोआप चालतात. प्रांत हे त्यात न्यायाधिकरण असतात. निर्वाह भत्ता महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार, अर्ज नव्वद दिवसांत निकाली काढायचा, फार तर तीस दिवस वाढवायचे, वकील लावायचा नाही असं कायद्यातच लिहिलंय. सांभाळीन म्हणून घर-शेत लिहून घेतलं आणि मग सांभाळलं नाही तर कलम २३ नं ते लिहून दिलेलं रद्द होऊ शकतं. म्हाताऱ्याला वाऱ्यावर सोडलं तर कलम २४, तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. चांगला कायदा आहे, ह्यानं आमच्या इथल्या कितीतरी म्हाताऱ्यांना भाकर मिळालेली मी बघितलीय. पण तो सगळा पोरं सांभाळत नाहीत ह्या गृहीतावर उभा आहे. आणि अर्ज म्हाताऱ्यानंच करायचा, किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं, किंवा न्यायाधिकरणानं स्वतःहून दखल घ्यायची. मावशीला तर दोन दावेदार होते, सोडून कुणीच दिलं नव्हतं. भेट हा शब्द त्या कायद्यात नाही.

भेट हा विषय मला सापडला तो भलत्याच कायद्यात. २०१७ चा मेंटल हेल्थकेअर ॲक्ट, कलम २६. मानसिक आरोग्य संस्थेत भरती असलेल्या माणसाला कुणाला भेटायचं आणि कुणाला नाही भेटायचं हे ठरवायचा हक्क आहे, फोन घ्यायचा-नाकारायचाही, संस्थेच्या नियमात राहून. नीट वाचा, हक्क मुलाला नाही, मुलीलाही नाही, पेशंटला आहे. केअर सेंटर ह्या कायद्याखालची संस्था नसते बहुतेक वेळा, म्हणून ते कलम जसंच्या तसं तिथं चिकटवता येत नाही. पण वाचल्यावर माझ्या डोक्यात जरा उजेड पडला. आम्ही सगळे इतके दिवस दादाचा हक्क मोठा का आक्काचा ह्यावर भांडत होतो. आक्काला आईला भेटायचा हक्क आहे का, हा प्रश्नच उलटा होता. मावशीला आक्काला भेटायचा हक्क आहे का असं विचारायला पाहिजे होतं.

सेंटरवाल्यांना हे विचारायचं तर त्यांचं उत्तर ठरलेलं. फॉर्मवर सही कुणाची, फी कोण भरतं. फॉर्मवर पालक म्हणून एक रकाना असतो, त्यात सही केली की लोकांना वाटतं आपण कायद्यानं पालक झालो. तसं काही नसतं. ती सही बिलाची जबाबदारी घेतल्याची. सज्ञान माणूस कोमात गेला किंवा त्याचं डोकं काम करेनासं झालं तर त्याचा पालक कोण, ह्याच्यासाठी आपल्याकडं एक सरळ कायदाच नाही. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, मानसिक आरोग्याच्या कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी आहे, पण कोमातल्या नवऱ्याचं बँक खातं चालवायला सुद्धा बायकांना हायकोर्टात घटनेच्या कलम २२६ खाली जावं लागतं. केरळ हायकोर्टानं २०१९ मध्ये ह्याच्यासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, तोवर तेही नव्हतं. आणि हायकोर्ट म्हणलं की आमच्यासाठी संभाजीनगरचं खंडपीठ. आक्कासारखीनं तिथं जायचं म्हणजे आधी दोन म्हशी विकायच्या.

तरी आमच्या ओळखीच्या वकील साहेबांनी सगळे रस्ते सांगितले, मी माझ्या वहीत लिहून घेतले. पोलिसात गेलं तर ते म्हणणार दिवाणी मॅटर आहे, फार तर एक जमादार सोबत येऊन समजूत घालील. एल्डरलाइनचा १४५६७ नंबर आहे, फोन केला तर समजावून सांगतात, मध्ये पडतात. दिवाणी कोर्टात दावा टाकायचा आणि त्यातच ऑर्डर ३९ खाली तूर्तातूर्त हुकूम मागायचा की निकाल लागेपर्यंत भेटू द्या. समोरचा हुशार असला तर त्यानं आधीच कॅव्हेट टाकून ठेवलेलं असतं, म्हणजे त्याला ऐकल्याशिवाय हुकूम नाही, ते नव्वद दिवस चालतं. मग म्हणणं दाखल करायला तारीख, मग युक्तिवादाला तारीख, मग वकिलांचा संप, मग मे महिन्याची सुट्टी. जमिनीच्या दाव्यात हे सगळं चालतं कारण जमीन कुठं जात नाही. साहेब म्हणाले, "पेशंट तारखेला थांबत नाही हो." शेवटचा रस्ता हेबियस कॉर्पस. माणूस डांबून ठेवलाय, कोर्टापुढं हजर करा.

मला वाटलं हेबियस कॉर्पस म्हणजे पोलिसांनी उचललेल्या पोरांसाठी असतं. पण २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत बिहारमधलं असंच प्रकरण गेलं होतं, ८९ वर्षांची आई, डिमेन्शिया, आणि मुलींनी भावाविरुद्ध हेबियस कॉर्पस केलेली. तुम्हाला आईपेक्षा तिच्या प्रॉपर्टीतच जास्त इंटरेस्ट दिसतोय अशा अर्थाचं न्यायमूर्तींनी भर कोर्टात मुलाला सुनावलं. हे मी आक्काला सांगितलं नाही, तिनं ते दादाला व्हॉट्सॲप केलं असतं आणि होतं नव्हतं तेवढं संपलं असतं.

आणि हे फक्त आपल्याकडंच, सात एकर कोरडवाहूसाठीच, असं कुणाला वाटत असंल तर अमेरिकेतल्या केसी केसमचं वाचा. रेडिओवरचा एवढा मोठा माणूस, स्कूबी डू कार्टूनमधल्या शॅगीचा आवाज. म्हातारपणी मेंदूचा आजार झाला, आणि दुसरी बायको त्याला पहिल्या बायकोच्या लेकरांना भेटू देईना. पोरं पाट्या घेऊन बापाच्या बंगल्यासमोर उभी राहिली. कोर्ट-कचेरी झाली. १५ जून २०१४ ला तो वारला, आणि त्यानंतरही महिनोन् महिने त्याला मातीच मिळाली नाही, डिसेंबरमध्ये नॉर्वेत नेऊन पुरलं. त्याच्या मुलीनं पुढं ह्यावर मोहीमच काढली, आणि तिकडच्या काही राज्यांत आजारी आई-बापाला भेटण्याबाबतचे कायदे झाले. कोलंबो नावाच्या मालिकेतला डिटेक्टिव्ह पीटर फॉक, त्याच्या नावानंही तसा कायदा आहे, त्याच्याही मुलीमुळंच. दोन्हीकडं मुलगीच गेटबाहेर. तिकडं सातबारा नसतो एवढाच फरक.

तसं बघितलं तर आपल्या मुंबईच्या केईएम दवाखान्यात वर्षानुवर्षं बेशुद्धावस्थेत पडून असलेल्या अरुणा शानबागच्या केसमध्येही मूळ प्रश्न हाच होता की हिच्या वतीनं बोलणार कोण. २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, इतकी वर्षं जिनं-जिनं तिला भरवलं, कूस बदलली, ते केईएमचे कर्मचारी. ह्या निकालाची मला दादाच्या बाजूनं आठवण येते. जो करतो त्याचं ऐकलं पाहिजे. लांबून येऊन हक्क सांगणाऱ्यांचा मलाही राग येतो, दिवाळीला पेढे घेऊन येणार आणि आईला बेडसोर कसा झाला म्हणून विचारणार. आक्का तशी नव्हती, पण दादानं तशा बहिणी बघितल्या असतील.

आमचं प्रकरण कोर्टात गेलं नाही. वकिलाची एक नोटीस गेली फक्त, त्यानं दादा आणखी भडकला. सुटलं ते वेगळ्याच माणसामुळं. मावशीचा धाकटा भाऊ म्हणजे आमचे मामा, झेडपीचे रिटायर गुरुजी, त्यांना दादानं लिस्टमध्ये घेतलं होतं कारण मामांचा जमिनीशी संबंध नाही. मामा भेटायला गेले तेव्हा तिथल्या आयाबाईनं त्यांना सहज विचारलं, आजी रोज संध्याकाळी बाय आली का, बाय आली का म्हणून दाराकडं बघतात, ही बाय कोण हो? मावशी आक्काला लहानपणापासून बाय म्हणायची. मामा तिथून थेट दादाच्या घरी गेले. काय बोलले ते मला नीट माहीत नाही, वहिनी म्हणते की मामा चहा न घेता दोन तास बसून होते. पण त्या रात्री मामांचा मला फोन आला, उद्या दुकान लवकर उघड, कागद करायचाय.

कागद मीच टाइप केला, समोर मामा, फोनवर दादा, बाहेर बाकड्यावर आक्का. आक्कानं भेटायच्या वेळेत कधीही जावं. जाताना पर्स बाहेर ठेवावी, आत पेन, शाईचा पॅड, कोणताही कागद नेऊ नये. आयाबाई किंवा सिस्टर खोलीत असावी. व्हिडिओ काढायचा नाही, जमिनीचा विषय आईसमोर काढायचा नाही, दोघांनीही. तब्येत बिघडली तर सेंटरनं दोघांनाही त्याच वेळी फोन करायचा. फी दादा भरणार, पण डायपर-औषधाचा खर्च आक्का देणार, हे आक्कानं स्वतः घालायला लावलं. आणि शेवटी मामांनी सांगितलं म्हणून एक ओळ, ह्या भेटींचा जमिनीच्या हक्काशी काहीही संबंध राहणार नाही, आल्यानं हक्क वाढत नाही आणि न आल्यानं कमी होत नाही.

मामा म्हणाले बॉण्डवर घे, वजन येतं. शंभरचा बॉण्ड तोवर बंद झाला होता, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचाच. मी म्हणलं मामा कशाला, साध्या कागदावर सह्या करा, असल्या कागदावर कोर्टात हुकूम मिळत नाही कुठं बॉण्ड असला काय नसला काय. (सरकारी ऑफिसात आणि कोर्टात द्यायच्या शपथपत्राला सुद्धा बॉण्ड लागत नाही, माफी आहे, पण लोक घेतातच आणि विकणारेही सांगत नाहीत.) मामांनी ऐकलं नाही. पाचशे रुपये गेले. पण एक खरंय, तो हिरवट कागद बघितल्यावर सेंटरच्या मॅनेजरनं एकही प्रश्न विचारला नाही, फाईलला लावून टाकला आणि रजिस्टरमध्ये आक्काचं नाव चढवलं.

त्याच्यानंतर आक्का जात राहिली. मावशीनं तिला ओळखलं का म्हणाल तर कधी हो, कधी नाही. एकदा तिलाच विचारलं म्हणे, माझी बाय कुठंय. आक्का म्हणाली येईल संध्याकाळी, आणि वेणी घालत बसली. दादा आणि आक्का एकाच वेळी खोलीत असले तर एक जण खिडकीकडं तोंड करून उभा राहायचा. मावशी गेली तेव्हा सेंटरनं कागदाप्रमाणं दोघांना फोन केला होता, आक्का रात्रीच्या गाडीनं पोचली, दोघंही जवळ होते. अंत्यविधी शहरात का गावाकडं ह्यावर परत तोंड फुटलंच, मामांनी गाव म्हणून सांगितलं आणि विषय बंद केला. तेराव्यानंतर आक्कानं वाटणीचा दावा टाकला, तो चालू आहे. मावशीचं मृत्युपत्र कुठंच निघालं नाही, कुणाकडंच नव्हतं. तिचा हिस्सा आता दोघांत सारखा, जे आधीपासून होणारच होतं. दाव्याचं मला काही वाईट वाटत नाही, हिस्सा आहे तर मागावा, मागायलाच पाहिजे. लोक आक्काला नावं ठेवतात, ठेवू द्या. मला राग येतो तो जमिनीच्या दाव्यात भेट हे हत्यार म्हणून वापरतात त्याचा, आणि ते गेट लावणारे वापरतात तसेच नोटीस पाठवणारेही वापरतात.

आता दुकानात असला अर्ज घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, पेशंट बोलतो का? बोलत असंल तर अर्ज-बिर्ज नंतर, आधी त्याला विचारा कुणाला भेटायचंय, दोन बाहेरचे लोक समोर ठेवा, डॉक्टर असले तर उत्तम, तारीख घाला, सही-अंगठा घ्या. पुढं कोर्टात जायची वेळ आली तर पेशंटच्या स्वतःच्या इच्छेएवढा भारी कागद दुसरा नाही. बोलत नसंल तर तिथली आयाबाई, सिस्टर, रात्रपाळीचा मावशी-मामा जो कुणी असंल त्याला विचारा पेशंट कुणाचं नाव घेतो. अर्जात कलमांच्या ओळी कमी आणि ह्या ओळी जास्त लिहायला लागलोय मी.

आणि ज्यांचे आई-वडील अजून धडधाकट आहेत त्यांच्यासाठी लिव्हिंग विल आहेच. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ ला मान्य केलं, तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची म्हणून कुणी करत नव्हतं, २०२३ च्या जानेवारीत सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, बास. ते मुळात व्हेंटिलेटर लावायचा का, नळ्या काढायच्या का ह्याच्यासाठी आहे, पण त्यात आपल्या वतीनं डॉक्टरांशी बोलायला एकापेक्षा जास्त माणसांची नावं घालता येतात. मुलगा आणि मुलगी दोघांची घाला. सोबत एक वेगळा कागद, आजारपणात मला कोण कोण भेटलेलं चालंल.

मी आमच्या अण्णांना हे सांगायला दोन महिने धजलो नाही, म्हाताऱ्या माणसासमोर मरणाचा विषय कसा काढायचा. शेवटी एका रविवारी काढला. अण्णांनी चष्मा लावला, म्हणाले घे लिहून. ताईचं आणि तुझं नाव घाल. सगळ्यांना येऊ द्यायचं, भावकी, शेजारी, रुसलेले, कोर्टात भांडलेले सगळे. फक्त तुझ्या सासरच्या त्या एका पाव्हण्याला सोडायचं नाही, तो येऊन बसला की उठत नाही आणि सोयाबीनचा भावच सांगत राहतो. मी म्हणलं अण्णा, असं नाव घालून नाही लिहिता येत, घरात भांडण होईल. तर म्हणाले मग कागद कशाला करायलास?